न झिजणारे अवशेष

२०२० च्या नोव्हेंबरात सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ बाजारात आले, तेव्हा त्यात एक छोटा खेळ आधीपासूनच भरलेला होता : अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम. खेळणारा अ‍ॅस्ट्रो नावाच्या एका चिमुकल्या रोबोच्या रूपाने त्या नव्या यंत्राच्याच पोटात हिंडतो. कुठे मेमरीचे कुरण, कुठे यंत्र थंड ठेवणारे झरे, असे त्यातले प्रदेश आहेत आणि त्यांच्या सांदीकोपऱ्यांत कंपनीची जुनी यंत्रे दडवलेली आहेत. १९९४ चे पहिले प्लेस्टेशन, त्याच्या मागून आलेली तीन, हातात धरून खेळायची पीएसपी आणि व्हिटा, शिवाय त्यांना जोडायची नाना उपकरणे. एखादे सापडले की ते एका प्रशस्त दालनात जाऊन विराजमान होते आणि रोबोच्या मानाने चांगलेच भव्य दिसते. सगळी सापडली की दालन भरते. त्यांच्यामुळे रोबोची ताकद वाढत नाही, आणि जुन्या यंत्रावर जुना खेळही लावता येत नाही. ती शोधायची, आणायची आणि पाहायची, इतकेच. निरुपयोगी झालेली वस्तू कष्टाने शोधून आणायची, मानाने मांडायची आणि तिच्याभोवती फिरून पाहायची, ही क्रिया माणसाला नवी नाही. धर्माच्या इतिहासात तिला फार जुनी आणि फार विचारपूर्वक घडवलेली जागा आहे. म्हणून या दालनाला धर्मचिंतनातलाच एक प्रश्न विचारायला हरकत नाही : जिला कोणाच्याही हाताचा स्पर्श झालेला नाही, जी झिजत नाही, फुटत नाही, हरवत नाही, अशी वस्तू पूज्य होऊ शकते का?

बौद्ध परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. कालिंगबोधि जातकाच्या आरंभी एक प्रसंग येतो. बुद्ध चारिकेला गेलेले असताना लोक जेतवनात फुले घेऊन येतात आणि ती कुठे वाहायची हे न कळल्याने दाराशीच ठेवून परततात. तेव्हा बुद्धांचा शिष्य आनंद विचारतो, चैत्य किती प्रकारचे असतात? उत्तर येते, तीन. देहाचे अवशेष हा पहिला प्रकार, शारीरिक. वापरातल्या वस्तू हा दुसरा, पारिभोगिक; ज्या झाडाखाली बोधी झाली ते झाडही यातच मोडते. तिसरा उद्देशिक, म्हणजे त्या व्यक्तीला उद्देशून घडवलेली प्रतिमा. देहावशेष तर बुद्ध हयात असताना शक्यच नव्हते. आणि तिसऱ्या प्रकाराविषयी हा ग्रंथ कमालीचा स्पष्ट आहे : त्याला वस्तूचा आधार नाही, तो केवळ मनावर उभा आहे. म्हणून जेतवनाच्या दाराशी बोधिवृक्षाचे बी लावले गेले. या क्रमवारीमागची जाणीव आपल्या भूमीतही सापडते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले, सोन्याची फुले निघाली, आणि सगळ्यांत आत मातीच्या भांड्याची काही खापरे. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली गेली असावीत, असा इंद्रजींचा तर्क होता; आज तो ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. सोने बाहेर आणि खापर आत, हा क्रम बोलका आहे. खापराची किंमत त्याच्या मातीत नव्हती, वापरात होती.

ही तीन खाती समोर ठेवली की जुन्या कन्सोलच्या जगातली एक विसंगती चटकन डोळ्यात भरते. घरातले जुने यंत्र हे पारिभोगिक खात्यातले. त्याच्या बटणांवरची अक्षरे अंगठ्यांनी पुसलेली असतात, पांढरे प्लास्टिक वर्षांनुवर्षे ऊन आणि उष्णता खाऊन पिवळे पडलेले असते, आणि कार्ट्रिजमधली खेळ जपून ठेवणारी छोटी बॅटरी संपली की कोणीतरी कष्टाने रचलेला डाव तिच्यासोबत जातो. असे यंत्र पूज्य वाटले तर त्याला आधार आहे. बाजार मात्र उलटे बोलतो. २०२१ च्या जुलैत अमेरिकेतल्या एका लिलावात सुपर मारिओ ६४ या १९९६ च्या खेळाची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली, आणि तिचे मोठेपण एवढेच की तिचे वेष्टन कधी फोडलेलेच नव्हते. म्हणजे जगातल्या सर्वांत महाग प्रतींपैकी एक अशी, की जी कोणी एकदाही खेळलेली नाही. सोपाऱ्याच्या भिक्षूंना हे समजावून सांगणे अवघड गेले असते. कोरे पात्र, ज्यात कोणी भिक्षा घेतली नाही, ते सोन्याच्या डबीत कशासाठी ठेवायचे? संग्राहकाची वृत्ती आणि भक्ताची वृत्ती वरवर सारख्या दिसतात, पण एकाला वस्तू निष्कलंक हवी असते आणि दुसऱ्याला तिच्यावरचा डागच हवा असतो.

आता खेळाच्या आतले यंत्र. ते शारीरिक नाही. त्यात मूळ यंत्राचा स्क्रूसुद्धा नाही. ते पारिभोगिकही नाही. जे प्लेस्टेशन अ‍ॅस्ट्रोच्या दालनात उभे आहे ते कोणाच्या दिवाणखान्यातून आलेले नाही, त्यावर कोणी रात्री जागवलेल्या नाहीत. ते संगणकावर रेखलेले आणि कोट्यवधी यंत्रांत तंतोतंत एकसारखे उमटलेले रूप आहे. म्हणजे उद्देशिक, आणि त्यातही टोकाचे. कारण दगडाच्या मूर्तीला निदान दगड असतो. जातकाचा निकाल लावायचा तर विषय इथेच संपतो : पायाविना वस्तू, मनापुरती. पण तो निकाल जसाच्या तसा मान्य करता येत नाही, कारण त्याच परंपरेने पुढे जगभर बुद्धमूर्ती घडवल्या. शिवाय आपल्या डोळ्यांसमोर दर आषाढात त्याचे खंडन चालू असते. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीत ज्ञानेश्वरांच्या पादुका असतात त्या चांदीच्या. तेराव्या शतकातल्या त्या पायांनी घातलेल्या नव्हेत. काटेकोर वर्गवारीत त्या उद्देशिकच ठरतील. तरी त्या पादुकांना पायाविना म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांना आधार पुरवला आहे चालण्याने. लाखो माणसे पावसापाण्यात, ठरल्या वाटेने, ठरल्या मुक्कामांनी त्यांच्याबरोबर चालतात, आणि ज्या पायांच्या त्या खुणा आहेत त्या पायांचेच काम स्वतःच्या पायांनी करतात. वस्तूत जे नाही ते आचरण पुरवते.

माझे म्हणणे यातूनच निघते. खेळातल्या जुन्या यंत्राला अस्सलपणाची कसोटी लावणे व्यर्थ आहे. ते अस्सल नाही आणि तसा दावाही करत नाही. त्याला लावायची कसोटी आचरणाची : ज्याची ही खूण आहे त्याचे काम तिच्यापाशी करता येते का? कन्सोलचे काम खेळणे हे आहे. ज्या प्रतिमेत खेळता येते ती जिवंत प्रतिमा, जिच्यात फक्त मोजता येते ती नोंदवहीतली ओळ, मग ती कितीही सुबक रेखलेली असो.

या कसोटीवर इतिहास तपासला तर काहीसा खेदजनक उतार दिसतो. १९९३ च्या डे ऑफ द टेंटॅकल या खेळात एका खोलीत एक संगणक ठेवला आहे. त्याच्यापाशी गेले की १९८७ चा मॅनिअ‍ॅक मॅन्शन हा अख्खा जुना खेळ सुरू होतो. कोणी त्याबद्दल गुण देत नाही. जुना खेळ नव्याच्या घरात राहायला आलेला आहे, एवढेच. २००२ मध्ये अमेरिकेत आलेल्या गेमक्यूबवरच्या अ‍ॅनिमल क्रॉसिंगने हीच गोष्ट अधिक प्रेमाने केली. त्यात निन्टेन्डोचे १९८० च्या दशकातले यंत्र घरात मांडायचे फर्निचर म्हणून मिळे. खाट, टेबल, दिवा यांच्या रांगेत ते बसे, आणि त्याच्यासमोर उभे राहून बटण दाबले की डाँकी काँग किंवा बलून फाइट खरोखर चालू होई. धूळ खात कोपऱ्यात पडलेले आणि तरी चालणारे यंत्र हे घरगुतीपणाचे इतके अचूक चित्र आहे की संग्रहालयाच्या कल्पनेपेक्षा ते कितीतरी सरस वाटते. पण तिथेही गाभाऱ्याला कुलूप होतेच. सुपर मारिओ ब्रदर्स आणि द लेजंड ऑफ झेल्डा हे दोन सर्वांत मानाचे खेळ त्या डिस्कवर भरलेले होते, आणि अमेरिकेतल्या साध्या खेळाडूला त्यांच्यापर्यंत पोचायचा सरळ मार्ग दिलेला नव्हता. पुढच्या भागांत हे चालते यंत्रच नाहीसे झाले. २०२० मध्ये याच मालिकेतला न्यू होरायझन्स आला तेव्हा घरात मांडायला निन्टेन्डो स्विच मिळत होते, पण ते शोभेचे. २०२५ मध्ये कंपनीने याच खेळात जुनी यंत्रे पुन्हा चालती करण्याची घोषणा केली, आणि ती चालवायला तिच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी लागेल अशी अटही घातली. देव दारात आणून ठेवला आणि दार मात्र पुजाऱ्याच्या घरातून उघडायचे, असा हा प्रकार.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. चालणारी प्रतिमा तरी खरी कशी? गेमक्यूबच्या आत चालणारे डाँकी काँग हे दुसऱ्या यंत्राने केलेले सोंग आहे. जुनी चिप नाही, जुना टीव्ही नाही, हातातला चौकोनी कंट्रोलर नाही. आक्षेपात तथ्य आहे. डक हंट या खेळातली बंदूक काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवरच चालत असे, कारण पडद्यावर प्रकाश कोणत्या क्षणी उमटतो याच्याशी तिचे गणित बांधलेले होते. आजच्या सपाट पडद्यावर तीच बंदूक मुकी होते. तेव्हा खेळाला देह असतो आणि देह बदलला की काहीतरी जाते, हे मान्यच करावे लागेल. मात्र एवढ्यावरून देहच सर्वस्व ठरत नाही. जपानमध्ये इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. अलीकडचे बांधकाम २०१३ मध्ये पूर्ण झाले. लाकूड नवे असते, पण जोडकामाची रीत, मोजमाप आणि विधी जुने असतात, आणि ते मंदिर तेच आहे याबद्दल तिथल्या भाविकाला शंका नसते. आपल्याकडे वेदपठणाने हीच गोष्ट लाकडाशिवाय साधली. ग्रंथ कंठात राहिला आणि प्रत्येक पिढीच्या आवाजात नवा झाला. खेळ हा स्वभावाने मूर्तीपेक्षा पठणाच्या जवळचा आहे. पठणाची पोथी फडक्यात बांधून ठेवली तर पोथी टिकते, पठण टिकत नाही. त्यामुळे न फोडलेल्या वेष्टनातल्या मूळ प्रतीपेक्षा चालणारी नक्कल मूळ खेळाच्या अधिक जवळ आहे, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे आणि तो भक्तिमार्गाच्या आतूनच येतो. मानसपूजा ही आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानलेली पूजा आहे. तिच्यात मूर्ती नाही, फूल नाही, नैवेद्य नाही. सगळे मनात रचायचे आणि मनातच अर्पण करायचे. मग अ‍ॅस्ट्रोच्या दालनातली मुकी यंत्रे पाहून ज्याच्या मनात पहिल्या प्लेस्टेशनसमोर काढलेली दुपार जागी होते, त्याची पूजा कमी प्रतीची कशी? त्याच्यापुरते आचरण मनात घडतेच आहे. या आक्षेपाला मी अर्धा मान देतो. ज्याच्यापाशी आठवण आहे त्याला कोणतीही खूण पुरते, चालणारी असो वा नसो. पण मानसपूजेचे सामर्थ्य कशात आहे ते पाहिले पाहिजे. तिथे सिंहासनाचे प्रत्येक रत्न भक्ताने स्वतः घडवायचे असते. मन जितके कष्ट घेईल तितकी पूजा. कंपनीने आधीच घडवून, उजेड पाडून, मांडून ठेवलेली वस्तू उचलताना त्या कष्टांतला मोठा भाग दुसऱ्यानेच उरकलेला असतो. शोधण्याची उडीउडी उरते, तिला मी अगदीच नगण्य म्हणणार नाही. यात्रेतही चढण असतेच. पण ज्याच्यापाशी आठवण नाही त्याचे काय? २०१५ मध्ये जन्मलेले मूल आज हाच खेळ खेळते आणि तीच यंत्रे गोळा करते. ते कशाला वंदन करते आहे?

त्या मुलाला बाजूला सारून चालणार नाही, कारण श्रद्धेच्या इतिहासात बहुसंख्य माणसे त्याच्याच जागी उभी असतात. ज्यांनी संताला पाहिले अशांची पिढी एकच असते. बाकी सगळ्या पिढ्या न पाहिलेल्यांच्या. परंपरा म्हणजे न पाहिलेल्यांना सहभागी करून घेण्याची व्यवस्था. वारीतल्या पोराला ज्ञानेश्वर ठाऊक होतात ते कोणी वर्णन केल्याने कमी, आणि टाळ हातात मिळाल्याने जास्त. त्या मुलाच्या हातात जुना खेळ दिला असता तर त्याला कळले असते की १९८० च्या दशकातला माणूस तीन जीव घेऊन खेळत होता, मेला की पहिल्यापासून सुरुवात करत होता, आणि त्या वैतागातही पुन्हा बटण दाबत होता. मुकी प्रतिमा त्याला सांगते ते इतकेच, की एकेकाळी एक करडा डबा होता आणि तो थोर होता. एवढी माहिती दंतकथा जन्माला घालायला पुरते, परंपरा चालू ठेवायला पुरत नाही.

झीज आणि नाश यांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण जुन्या यंत्रांच्या संग्रहाचे समर्थन करणारे तो सर्वांत आधी पुढे करतात. प्लास्टिक पिवळे पडते, कपॅसिटर गळतात, सोल्डर निखळते. डिजिटल प्रतिमेला यातले काही होत नाही, तेव्हा तीच खरी जपणूक. यात तंत्रज्ञानाचा एक भाबडेपणा आहे, कारण डिजिटल वस्तूही मरते, फक्त एकदम मरते : २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि केवळ तिथेच विकत मिळणारे खेळ नव्या ग्राहकाला एका दिवसात मिळेनासे झाले. पण त्याहून खोल अडचण अशी की पूज्यतेची कल्पनाच नाशाशी बांधलेली आहे. मातीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा अर्थपूर्ण होते ती उत्तरपूजा आणि विसर्जन ठरलेले असल्यामुळेच. आणि हे फक्त आपले नाही. ज्या जपानमध्ये ही यंत्रे जन्मली तिथे वापरून मोडलेल्या वस्तूंना निरोप देण्याची रीत पुरातन आहे. मोडक्या सुया मऊ टोफूत खोचून त्यांचे आभार मानतात. जुन्या बाहुल्या देवळात नेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. आयबो नावाचा यंत्रकुत्रा सोनीनेच १९९९ मध्ये विकायला आणला, २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी अंत्यविधी होऊ लागले. रांगेने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, समोर मंत्रपठण. विधी झाला की त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना बसवले जातात. यावर हसणे सोपे आहे. पण वस्तूच्या बाबतीत श्रद्धेला जे जे हवे ते सगळे इथे आहे : वापर झाला, शेवट मान्य झाला, आणि जे उरले ते दुसऱ्याच्या कामी आले. त्याच कंपनीच्या अ‍ॅस्ट्रोच्या दालनात यांतले एकही नाही. तिथे कुणाचा शेवट झालेलाच नाही, म्हणून कुणाला निरोपही नाही.

खेळांतच याला एक अपवाद सापडतो आणि तो गोळा करण्याच्या वस्तूंच्या बाहेर सापडतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २०२० च्या द लास्ट ऑफ अस भाग २ मधले जग २०१३ च्या सप्टेंबरात साथीने कोसळले असे मानले आहे. प्लेस्टेशन ४ प्रत्यक्षात त्याच वर्षी नोव्हेंबरात आले. म्हणून त्या जगात ते कधी आलेच नाही. ओसाड घरांत टीव्हीखाली धूळ खात पडलेले असते ते प्लेस्टेशन ३, आणि ते उचलता येत नाही, मोजलेही जात नाही. एका प्रसंगात पहाऱ्यावरची एक बाई व्हिटा हातात धरून खेळण्यात गुंग असते आणि तेवढ्यात मागून मरण येते. व्हिटाचे उत्पादन बंद होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. इथे जुने यंत्र कोणाच्या गौरवासाठी मांडलेले नाही. त्याच्याबरोबर एक काळ संपला, एवढेच ते सांगते. मला वाटते, खेळणाऱ्याला चालवता येत नसूनही ते अवशेषाच्या सर्वांत जवळ जाते, कारण त्याला मरू दिले आहे.

काहींना ही सगळीच चर्चा अवाजवी वाटेल. खेळणी ती खेळणी. त्यांना चैत्य आणि पादुका यांच्या पंक्तीला बसवणे म्हणजे धर्माचा उपमर्द आणि धंद्याला फुकटची प्रतिष्ठा. धंदा आहे हे खरेच. अ‍ॅस्ट्रोचे दालन नव्या यंत्राच्या ग्राहकाला कंपनीची थोरवी सांगण्यासाठी बांधले आहे, जसे प्रत्येक क्षेत्राचे स्थळपुराण त्या क्षेत्राच्या पुजाऱ्यांनी रचलेले असते. स्थळपुराण कालक्रम पाळत नाही, हेही इथे दिसते : १९९९ च्या शेनम्यू या खेळाची गोष्ट १९८६ च्या योकोसुका शहरात घडते, तरी नायकाच्या घरी सेगा कंपनीचे सॅटर्न असते, जे १९९४ पूर्वी अस्तित्वातच नव्हते. तो खेळ मुळात सॅटर्नसाठीच लिहायला घेतला होता, मग ते यंत्र मागे पडले आणि खेळ दुसऱ्यावर गेला. घरात ठेवलेले सॅटर्न ही त्या मागे राहिलेल्या यंत्राला दिलेली पुराणकालीन जागा, आणि त्यावर जुने खेळ चालतात हे विशेष. मात्र स्थळपुराणाची दुसरी बाजू अशी की त्यात कोणाला जागा नाही हेही पुजारीच ठरवतात. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जे 'व्हिडिओ गेम' आले ते बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. सोबतच्या पिवळ्या-लाल कॅसेटवर शेकडो खेळांचा दावा छापलेला असे आणि आत तेच दहा-बारा फिरून फिरून येत. मारिओ इथल्या मुलांना भेटला तो या आडवाटेने. कंपन्यांच्या दालनांत त्या यंत्रांना कोनाडा मिळणार नाही, कायद्याने मिळूही शकत नाही. पण पारिभोगिकतेच्या मापाने मोजले तर त्या नकलांवर जितके हात फिरले तितके अनेक अस्सल यंत्रांवरही फिरले नसतील. आणि उपमर्दाबद्दल म्हणायचे तर दसऱ्याला शस्त्रांबरोबर आउते, तराजू, यंत्रे आणि आता संगणकही पुजणाऱ्या समाजाने वस्तूपुढे हात जोडण्याला हलके समजू नये. तिथे पूजा होते ती चालत्या अवजाराची.

म्हणून या प्रश्नाचा शेवट देवळात होत नाही, वाचनालयाच्या दारात होतो. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. जी यंत्रे दालनांत चकाकत उभी आहेत त्यांच्यावर चालणारे बहुतेक खेळ असे परागंदा झालेले आहेत. संस्थेची मागणी माफक होती : बाजारातून गेलेले खेळ वाचनालयांनी जपावेत आणि संशोधकांना ते दुरून वापरू द्यावेत, जसे जुने ग्रंथ आणि चित्रपट देता येतात. खेळ-उद्योगाच्या संघटनेने विरोध केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती सवलत नाकारली, आणि दिलेल्या कारणांत एक असे होते की अभ्यासाच्या नावाखाली लोक हे खेळ करमणुकीसाठी खेळतील. हे कारण दोनदा वाचावे असे आहे. जपण्याला हरकत नाही, पाहण्याला नाही, प्रतिमेला तर मुळीच नाही. हरकत आहे ती कोणी खेळेल याला. ही सवलत दर तीन वर्षांनी नव्याने मागता येते. पुढच्या फेरीत कंपन्यांनी आपापल्या दालनांकडे बोट दाखवून आम्ही वारसा जपतोच आहोत असे सांगितले, तर त्यांना विचारायला हवे की त्यांतल्या कोणत्या यंत्रावर कोणता खेळ सुरू होतो.